परक्या देशांतल्या वर्षाचा हिशेब

सरकारी तिजोरींतला पैसा शिक्षणावर खर्च व्हावा, याविषयीं आतां कोणी वाद घालीत नाहीं. परंतु एका देशांतील करदात्याचा पैसा दुसऱ्या देशांतील विद्यार्थ्याला तिसऱ्या देशांतील विद्यापीठांत पाठविण्याकरितां कां खर्च व्हावा, असें कोणी विचारलें तर उत्तर तितकें सोपें नाहीं. युरोपांत असा खर्च गेलीं जवळजवळ चाळीस वर्षें चालू आहे, आणि त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे. तींत रकमांचे आंकडे पुष्कळ येतील. पण माझ्या मतें या हकीकतीचें मर्म आंकड्यांत नसून एका लहानशा कारकुनी प्रश्नांत आहे. परक्या देशांत घालविलेलें वर्ष घरच्या हिशेबांत जमेस धरावयाचें कीं नाहीं, हा तो प्रश्न.

१९५८ सालची गोष्ट. रोम विद्यापीठांत कायद्याचा अभ्यास करणारी सोफिया कोराडी नांवाची इटालियन तरुणी अमेरिकेंतून स्वदेशीं परतली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत तिनें अध्ययन केलें होतें व तेथील उच्च पदवीहि संपादन केली होती. हा अभ्यास रोमच्या अभ्यासक्रमांत जमा धरावा, एवढीच तिची मागणी होती. ती अमान्य झाली. जें आम्हीं शिकविलें नाहीं तें आमच्या दप्तरीं नाहीं, असा विद्यापीठाचा एकंदर रोख. रोमची पदवी तिला रोमच्याच परीक्षा देऊन मिळवावी लागली. वास्तविक तिला पाठविण्यासाठीं एका मोठ्या राष्ट्रानें पैसा मोजला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याचें शिल्लक सामान परदेशांत ठिकठिकाणीं पडून होतें. तें विकून येणारा पैसा विद्यार्थ्यांच्या व विद्वानांच्या देवघेवीवर खर्चावा, अशी कल्पना सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनीं मांडली आणि १९४६ सालीं तिचा कायदा झाला. त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवरच कोराडी गेली होती. म्हणजे पैसा होता, शिक्षण झालें होतें, पदवीहि होती. नव्हती ती केवळ घरची मान्यता.

कोलंबिया विद्यापीठाचें नांव निघालें म्हणजे आपल्याकडील श्रोत्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची आठवण होणें स्वाभाविक आहे. १९१३ सालीं ते याच विद्यापीठांत गेले, ते सयाजीराव गायकवाडांच्या बडोदें संस्थानची शिष्यवृत्ति घेऊन. परत आल्यावर दहा वर्षें संस्थानची चाकरी करावी, असा त्यासाठीं करार होता. पुढें ते लंडनला अभ्यास करीत असतां शिष्यवृत्तीची मुदत संपली, आणि १९१७ सालीं तो अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावें लागलें. तो पुरा करण्याकरितां १९२० मध्यें ते पुन्हां विलायतेस गेले, तें पदरीं साठविलेला पैसा आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांचें साहाय्य यांच्या बळावर. सयाजीरावांचें औदार्य थोर होतें यांत शंका नाहीं. परंतु औदार्याला मुदत असते, अट असते, आणि तें दात्याच्या मर्जीवर अवलंबून असतें. सार्वजनिक योजना निराळी. तिच्याकडे अर्ज करणाऱ्याला कोणाच्या दृष्टीस पडण्याचें भाग्य लागत नाहीं; नियम वाचतां आला कीं पुरे. निदान तसें असावें, अशी अपेक्षा असते.

कोराडीबाई पुढें शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. इटलींतील विद्यापीठांच्या कुलगुरूंच्या परिषदेला त्या सल्ला देत असत, आणि १९६९ पासून त्यांनीं ही मान्यतेची गोष्ट सरकारदरबारीं लावून धरली. १९७६ सालीं युरोपीय समूहाच्या शिक्षणमंत्र्यांनीं संयुक्त अभ्यासक्रमांचा एक लहानसा प्रयोग मान्य केला. तो दहा वर्षें चालला. मोठ्या योजनेला मात्र दोन अडचणी होत्या. पैशाची तर होतीच, दुसरी अधिकाराची. १९५७ च्या रोमच्या तहानें समूहाला व्यापार, शेती, जकात यांविषयीं अधिकार दिले होते. विद्यापीठांविषयीं त्यांत अक्षर नव्हतें. व्यवसायशिक्षणाविषयीं मात्र एक कलम होतें.

ही कोंडी एका चित्रकथेच्या वर्गानें फोडली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. एक फ्रेंच विद्यार्थिनी बेल्जममधील लीएज शहरच्या कलाशाळेंत चित्रकथा काढण्याची कला शिकावयास गेली. बेल्जन विद्यार्थ्यांना नसलेली एक जादा फी तिच्याकडे मागण्यांत आली, कारण ती परदेशी. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलें. १३ फेब्रुवारी १९८५ रोजीं न्यायालयानें निर्णय दिला कीं ज्या शिक्षणानें माणूस एखाद्या व्यवसायास लायक होतो तें व्यवसायशिक्षणच होय, मग तें कोणत्याहि पायरीचें असो, आणि त्यांत केवळ परदेशी म्हणून जादा फी घेतां येणार नाहीं. या व्याख्येच्या आधारें विद्यापीठांच्या शिक्षणापर्यंत हात पोंचण्याची वाट युरोपीय आयोगाला सांपडली. तरीहि बड्या राष्ट्रांनीं हात आंखडताच ठेवला. त्यांच्या आपसांतल्या जुन्या देवघेवी चालू होत्याच. नव्या खर्चाची त्यांना गरज वाटेना. अखेर १५ जून १९८७ रोजीं मंत्र्यांच्या परिषदेनें योजना मंजूर केली, आणि पहिल्या तीन वर्षांसाठीं त्या वेळच्या हिशेबी चलनांत साडेआठ कोटींची तरतूद झाली. पहिल्या वर्षीं ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले.

योजनेचें नांव एरास्मस. तें एका लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून जुळविलेलें आहे खरें, पण रॉटरडॅमचा जो थोर पंडित एरास्मस, तो पॅरिस, केंब्रिज, ट्यूरिन, बाझल अशा विद्येच्या ठिकाणीं आयुष्यभर हिंडला होता. नांव जुळविणाऱ्याची रसिकता मान्य केली पाहिजे.

आतां ही योजना प्रत्यक्षांत चालते कशी, तें पाहूं. पैसा युरोपीय संघाच्या सात वर्षांच्या अंदाजपत्रकांतून निघतो. तो थेट विद्यार्थ्याच्या हातीं पडत नाहीं. बराचसा भाग प्रत्येक देशांत नेमलेल्या राष्ट्रीय कार्यालयाकडे जातो. तें कार्यालय आपल्या देशांतील विद्यापीठांशीं करार करतें आणि विद्यापीठ विद्यार्थ्याची निवड करून त्याला दरमहाची रक्कम देतें. जेथें जावयाचें त्या देशाची महागाई पाहून रक्कम ठरते. यजमान विद्यापीठानें शिकविण्याची फी घ्यावयाची नाहीं, हा पहिला नियम. दुसरा नियम याहून मोलाचा. विद्यार्थी निघण्यापूर्वीं तो स्वतः, त्याचें विद्यापीठ व यजमान विद्यापीठ असे तिघे मिळून एका अभ्यास-करारावर सह्या करतात. तिकडे कोणते विषय घ्यावयाचे आणि त्यांच्या बदल्यांत इकडचे कोणते विषय झाले असें समजावयाचें, हें त्यांत आधींच लिहिलेलें असतें. परत आल्यावर घरच्या विद्यापीठाला कानांवर हात ठेवतां येत नाहीं.

पण निरनिराळ्या देशांतील विषय एकमेकांशीं मोजावयाचे कोणत्या मापानें? कोठें वर्षाअखेर एकच तोंडी परीक्षा, कोठें दर सत्राला निबंध, कोठें नुसतीं व्याख्यानें. यासाठीं १९८९ पासून श्रेयांकांची पद्धति अजमावून पाहण्यांत आली. पूर्ण वर्षाच्या अभ्यासाचे ६० श्रेयांक, आणि एका श्रेयांकामागें विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे श्रम, असें माप ठरलें. श्रम म्हणजे केवळ वर्गांत बसण्याचे तास नव्हेत. ग्रंथालयांतील वाचन, प्रयोगशाळेंतील काम, परीक्षेची तयारी सर्व कांहीं आलें. मणाशेराच्या व्यापाराला किलोग्रॅम आला म्हणजे जशी सोय होते, तशीच ही. १९९९ सालीं बोलोन्या येथें २९ देशांच्या मंत्र्यांनीं उच्च शिक्षणाचा आराखडा एकमेकांशीं जुळता करण्याचें जाहीर केलें, तेव्हां हें माप त्यांच्या हाताशीं तयार होतें. विद्यार्थ्यांच्या प्रवासखर्चासाठीं काढलेल्या योजनेनें सबंध खंडाची पदव्यांची रचना हलविली! पैशापेक्षां मान्यता मोठी, असें जें मी म्हणतों तें यामुळें.

पुढें योजना वाढत गेली. शाळकरी मुलें, कारखान्यांतील उमेदवार, शिक्षक, प्रौढ विद्यार्थी यांचाहि तींत समावेश झाला. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठीं तिची रक्कम सुमारे २६ अब्ज यूरो आहे, आणि आजवर दीड कोटींहून अधिक लोकांनीं तिचा लाभ घेतला आहे. संघाबाहेरचे नॉर्वे, आइसलंड, सर्बिया, तुर्कस्तान असे देशहि आपापला वाटा भरून तींत सामील आहेत.

या आंकड्यांनीं दिपून जाण्याचें मात्र कारण नाहीं. मिळणारी रक्कम ही पूरक आहे, पुरेशी नव्हे. मोठ्या शहरांत खोलीचें भाडेंच तिचा बहुतेक भाग गिळतें. उरलेला खर्च आईबापांनीं सोसावा, अशी अव्यक्त समजूत. मग ज्यांच्या घरीं देण्यासारखें कांहीं आहे तेच अधिक जाणार, हें उघड आहे, आणि तसेंच घडत आलें. जो विद्यार्थी रात्रीं उपाहारगृहांत काम करून शिकतो त्याला सहा महिने ती नोकरी सोडतां येत नाहीं. घरीं म्हातारी आई असेल त्यालाहि निघतां येत नाहीं. ही खोट ध्यानांत घेऊन चालू सप्तवर्षांत कमी साधनांच्या विद्यार्थ्यांस दरमहा २५० यूरो जादा देण्याची सोय झाली. तिचा उपयोग आहे. तरी सार्वजनिक पैशाच्या योजनेची कसोटी किती गेले या संख्येवर न लावतां कोण जाऊं शकले नाहींत यावर लावावी, असें मला वाटतें. आणि ती दुसरी संख्या कोठल्याच वार्षिक अहवालाच्या पहिल्या पानावर येत नाहीं.

विद्यापीठांत न जाणाऱ्या तरुणांसाठीं याच तिजोरींतून निराळी सोय आहे. स्वयंसेवकांना परदेशीं पाठविण्याचा प्रयोग १९९६ मध्यें सुरू झाला. २०१६ च्या अखेरीस त्याला युरोपीय ऐक्यदल असें रूप मिळालें. चालू सात वर्षांची तरतूद सुमारे एक अब्ज यूरो. अठरा ते तीस वर्षांच्या तरुणांनीं दुसऱ्या देशांतील वृद्धाश्रम, ग्रंथालय, निर्वासितांचें केंद्र, जंगलाची राखण अशा कामांत कांहीं महिने घालवावे. प्रवास, निवास, भोजन, विमा आणि थोडा हातखर्च योजनेनें सोसावा. इटलींत ३० ऑक्टोबर १९१६ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१६ च्या त्याच तारखेला मोठा भूकंप झाला आणि संत बेनेडिक्टचें जन्मगांव नॉर्चिया उध्वस्त झालें. तेथील दुरुस्तीसाठीं व म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या मदतीसाठीं या दलाचे पहिले स्वयंसेवक २०१७ च्या ऑगस्टमध्यें पोंचले. येथेंहि दोन नियम महत्त्वाचे आहेत. ज्या संस्थेला स्वयंसेवक हवा तिची आधीं तपासणी होऊन तिला गुणवत्तेचें प्रमाणपत्र मिळावें लागतें. आणि स्वयंसेवकानें कोणा पगारी माणसाची जागा घेतां कामा नये. हा दुसरा नियम नसता तर सेवेच्या गोड नांवाखालीं फुकट मजूर मिळविण्याचा धंदा सुरू होण्यास वेळ लागला नसता. परत येणाऱ्यास केलेल्या कामाचा दाखला मिळतो. पुन्हां तीच गोष्ट: गेलेला काळ कोठेंतरी जमेस धरला गेला पाहिजे.

संस्कृति आणि नागरिकत्व यांसाठींचे निधि आकारानें लहान. संस्कृतीसाठीं सात वर्षांचे सुमारे २ अब्ज ४४ कोटी यूरो आहेत. त्यांतून चित्रपट, नाट्यसंस्था, ग्रंथांचीं भाषांतरें यांना मदत होते. लहानशा योजनेलासुद्धां निदान तीन देशांतील तीन संस्था एकत्र याव्या लागतात, आणि खर्चाचे शेंकडा ८० पर्यंतच अनुदान मिळतें. उरलेले २० कोठून आणावे, हा प्रश्न राजधानींतल्या श्रीमंत नाट्यगृहाला पडत नाहीं. गांवोगांव फिरणाऱ्या कळसूत्री बाहुल्यांच्या मंडळीला पडतो. नागरिकत्वाच्या निधींतून गांवांचे भगिनीसंबंध, इतिहासांतील अत्याचारांची स्मृति जागी ठेवणें, नागरी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था यांना मदत मिळते. भगिनीगांवांची कल्पना सरकारी नव्हे. युद्ध संपून सुमारे पांच वर्षें होतात तोंच, १९५० सालीं, फ्रान्समधील माँबेल्यार आणि जर्मनींतील लुडविग्सबुर्ग या गांवांनीं आपण होऊन हात पुढें केला. १९६३ सालीं त्या दोन राष्ट्रांनीं तरुणांच्या देवघेवीसाठीं संयुक्त कचेरी काढली, ती अद्याप चालू आहे. गांवें आधीं पुढें सरलीं, तिजोऱ्या मागाहून उघडल्या, हा क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे.

तिजोरी उघडते तशी बंदहि होते. २०१४ च्या फेब्रुवारींत स्वित्झर्लंडच्या जनतेनें परदेशीयांच्या आगमनावर मर्यादा घालण्याच्या बाजूनें अगदीं थोड्या मतांनीं कौल दिला. त्यांतून उठलेल्या वादांत त्या देशाचा एरास्मसमधील पूर्ण सहभाग थांबला. स्विस सरकारनें मग स्वतःच्या पैशानें योजना काढली आणि तींत आपल्या जाणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर बाहेरून येणाऱ्यांनाहि पैसा दिला, कारण तसें न केल्यास देवघेवीचे करार टिकले नसते. युरोपीय संघांतून बाहेर पडलेल्या ब्रिटननें २०२० अखेर एरास्मस सोडलें व गणिती ॲलन ट्यूरिंगच्या नांवानें २०२१ मध्यें स्वतःची योजना सुरू केली. तींत आपल्या विद्यार्थ्यांनीं जगभर जावें. येणाऱ्यांची सोय ज्यानें त्यानें पाहावी. वेल्सला हें अपुरें वाटलें, म्हणून त्यानें दोन्ही बाजूंची स्वतंत्र योजना उभारली. देवघेव या शब्दांतील एक अक्षरजोडी गाळली तर काय उरतें, तें यावरून दिसतें. २०२७ पासून ब्रिटन पुन्हां एरास्मसमध्यें येणार, असें डिसेंबर २०२५ मध्यें जाहीर झालें आहे.

हंगेरीचें प्रकरण याहून कठीण. तेथील अनेक विद्यापीठें सरकारनें विश्वस्तमंडळांच्या ताब्यांत दिलीं, आणि त्या मंडळांवर राज्यकर्त्या पक्षाशीं संबंधित माणसें बसलीं. सार्वजनिक पैशाला यांत धोका आहे, असें ठरवून २०२२ च्या डिसेंबरांत संघाच्या परिषदेनें अशा संस्थांशीं नवे करार करण्यास मनाई केली. २१ विद्यापीठें तींत सांपडलीं. पैसा ज्याचा त्यानें अट घालावी, हें न्यायाचेंच आहे. शिवाय अटी न घालतां दिलेला सार्वजनिक पैसा कोठें जातो, हें आपणांस नव्यानें सांगावयास नको. पण विश्वस्तांच्या वर्तनाची शिक्षा त्यांच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना झाली, हेंहि तितकेंच खरें. या दोहोंपैकीं एकच बाजू धरणारास हें प्रकरण नीट समजलें नाहीं, असें मी म्हणेन.

यापुढच्या, म्हणजे २०२८ पासूनच्या सात वर्षांसाठीं आयोगानें जुलै २०२५ मध्यें नवा आराखडा मांडला आहे. त्यांत ऐक्यदल एरास्मसमध्यें विलीन व्हावें, आणि संस्कृति व नागरिकत्व यांचे निधि एका छताखालीं यावे, असें सुचविलें आहे. रक्कम वाढविण्याचीहि सूचना आहे. कारभार सुटसुटीत होईल हें खरें; परंतु मोठ्या घरांत राहावयास गेलेल्या लहान भावाच्या वांट्याला काय येतें, हें ताट वाढल्यावरच कळतें.

आपल्याकडील तरुणांचा या सर्वांशीं प्रत्यक्ष संबंध येतो तो २००४ मध्यें सुरू झालेल्या एरास्मस मुंडुस या शाखेमुळें. निरनिराळ्या देशांतील विद्यापीठें मिळून एक पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवितात. विद्यार्थी त्यांपैकीं निदान दोन देशांत शिकतो. जगांतील कोणाहि पदवीधराला अर्ज करतां येतो, आणि निवड झाल्यास चालू नियमांप्रमाणें दरमहा १,४०० यूरो मिळतात व शिकविण्याची फी द्यावी लागत नाहीं. या शिष्यवृत्त्या मिळविण्यांत भारतीय विद्यार्थी आघाडीवर राहत आले आहेत. अर्ज थेट त्या त्या विद्यापीठसंघाकडे करावयाचा असतो. मध्यस्थाला पैसे मोजण्याचें कारण नाहीं. बहुतेक संघ पानगळीपासून जानेवारीच्या सुमारापर्यंत अर्ज घेतात.

निघण्यापूर्वीं मात्र एक चौकशी येथेंच करून ठेवावी. परदेशी पदवी येथील पदवीच्या बरोबरीची आहे कीं नाहीं, हें पाहण्याचें काम पुष्कळ वर्षें भारतीय विद्यापीठ संघाकडे होतें. एप्रिल २०२५ मध्यें विद्यापीठ अनुदान आयोगानें यासाठीं स्वतंत्र विनियम प्रसिद्ध केले आहेत. अभ्यासक्रमाची मुदत किती, प्रवेशाची पात्रता काय, पदवी एकच मिळणार कीं दोन विद्यापीठांच्या दोन, हें संघाच्या माहितीपत्रकांतून उतरवून घ्यावें आणि त्या विनियमांशीं ताडून पाहावें. प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनीं तर हें काम अर्ज भरण्याच्या आधींच उरकावें.